छ्याचं उत्तर

मंगळवारी सकाळी आप्पांनी दौंडच्या घरी चहा केला, कप ओट्यावर ठेवला आणि ते पडले. भिंतीपलीकडच्या मावशींनी आवाज ऐकला आणि मला शिरूरला फोन केला. मी शाळेत होते. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की आप्पांचं बोलणं गेलं आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, पण त्याचं तेव्हा मला इतकं काही वाटलं नाही. बोलणं गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, याचाच मी खाटेजवळ बसून विचार करत होते. चौथ्या दिवशी सिस्टर पेज घेऊन आल्या. त्यांनी एक चमचा आप्पांच्या तोंडात घातला. आप्पांनी तो गिळला आणि स्पष्ट म्हणाले, "छ्या."

माझा नवरा उडालाच. "बोलले! मामा बोलले!" असं तो वॉर्डभर सांगत सुटला. मीही हसले. वाटलं, एक शब्द आला, आता बाकीचे येतील. डॉक्टर वयानं लहान होते, पण समजावून सांगणारे होते. ते म्हणाले, "या आजारात वाक्य जातं, पण सवयीचं काहीतरी मागं राहतं. काहींची शिवी राहते, काहींचा देव राहतो. तुमच्या वडिलांचं हे राहिलंय."

बाकीचे शब्द आले नाहीत. शेवटपर्यंत तो एकच राहिला.

मी आठवी-नववीला मराठी शिकवते. केवलप्रयोगी अव्ययांचा धडा मी इतक्यांदा शिकवलाय की फळ्यावर हात आपोआप चालतो. हर्षदर्शक, शोकदर्शक, विरोधदर्शक, तिरस्कारदर्शक. 'छे' विरोधात, 'छी' तिरस्कारात. छ्या पुस्तकात नाही. मुलांना मी सांगते की हे शब्द वाक्याच्या बाहेर उभे असतात. वाक्यातल्या कशाशीच त्यांचा संबंध नसतो, आणि ते काढून घेतले तरी वाक्याचं काही बिघडत नाही. वाक्य काढून घेतलं तर त्यांचं काय होतं, हे व्याकरणात कुठं दिलेलं नाही.

आमच्या घरात छ्या हा शब्द पाण्यासारखा वापरला जायचा. आप्पांचा तो दिवसाचा पहिला शब्द. चहाचा पहिला घोट घेतला की, "छ्या. ह्यात पावडरच न्हाई." मग कप रिकामा होईपर्यंत एक अक्षर नाही. क्रिकेटमध्ये कुणी बाद झालं की लांबलचक छ्या, मांडीवर थाप मारून. कुणी वारल्याची बातमी आली की अगदी बारीक, घशातच राहिलेलं छ्या. त्यानंतर ते चप्पल घालून निघायचे. कुणी तोंडावर कौतुक केलं की दोनदा, छ्या छ्या, मान खाली घालून. आम्ही शिरूरला घर घेतलं तेव्हा ते बघायला आले. सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर न्हाणीघरात गेले, बादलीभर पाणी ओतलं आणि उभे राहिले. "छ्या. उतार उलटा हाय." नवऱ्याचं तोंड पडलं. ते पाणी अजूनही दाराशीच साचतं.

म्हणजे नाराजी दाखवायचा शब्द म्हटला तर होता, पण आप्पा नाराज आहेत असं आम्हाला त्यावरून कधी वाटलं नाही. खरोखर नाराज असले की ते गप्प बसायचे. ते गप्प बसले की घर घाबरायचं. छ्या म्हणाले की सगळं ठीक आहे.

याला त्यांची नोकरीही कारण असेल. ते दौंडला रेल्वेत मालगाडीचे डबे तपासायचे. गाडी यार्डात आली की हातात लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकावर टकटक करत चालायचं, कान द्यायचा, वाकून बघायचं. डब्यात खोट दिसली की त्यावर खडूनं खूण करायची. मग तो डबा गाडीतून काढून बाजूच्या लायनीवर नेत. त्या लायनीला रेल्वेतले सगळे सिक लाइन म्हणत. जे ठीक आहे त्यावर खूण करायची नसते, ते आपलं आपण पुढं जातं. घरातही त्यांनी हीच पद्धत ठेवली. आई म्हणायची, "मला बघायला आले तवा हातोडी इसरून आले, न्हाईतर माझ्याबी गुडघ्यावर टकटक केली असती."

आईला आप्पांच्या छ्याचं काहीच वाटत नसे. तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"छ्या. मीठ कुठंय ह्यात?"

"मग उठा आन् करा."

"छ्या. भाकर जाड झालीय."

"मग उठा आन् करा."

ती हे रागानं म्हणायची नाही. तव्याकडं बघत, मान न वळवता म्हणायची. ती भाकरी थापत असली तर थापायचा हात थांबायचाही नाही. आणि आप्पा उठायचे नाहीत. जाड भाकरी खाऊन आणखी एक मागायचे. मी लहानपणी हे रोज ऐकत होते, त्यामुळं माझ्या कानाला हे दोन वाक्यांचं बोलणं कधी वाटलंच नाही. वाटायचं, एकच शब्द आहे, अर्धा आप्पांच्या तोंडून येतो आणि अर्धा आईच्या.

एकदाच आप्पा खरंच उठले. आईला ताप होता. त्यांनी चहा केला, गाळला आणि कप तिच्या हातात दिला. आईनं घोट घेतला, त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "छ्या." आप्पा पातेलं हातात धरून तसेच उभे. मग म्हणाले, "मंग उठ आन् कर." दोघं इतके हसले की आईला खोकल्याची उबळ आली. मी दारात उभी होते. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

आई त्यांच्या आजारपणाच्या दोन वर्षं आधी गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आप्पा पहिल्या रांगेत बसले होते आणि एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, आप्पा, शिरूरला चला. ते आले नाहीत. दौंडला स्टेशन होतं, यार्डातल्या गाड्यांचा आवाज होता, आणि संध्याकाळी बाकड्यावर बसणारे जुने लोक होते.

दवाखान्यातून मात्र आम्ही त्यांना शिरूरलाच आणलं. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं गाडी हळूहळू आली. उसाच्या ट्रॉल्या पुढं होत्या. आप्पा मागच्या सीटवर आडवे होते आणि प्रत्येक खड्ड्याला छ्या म्हणत होते. तेवढ्या प्रवासात तो शब्द अगदी योग्य होता.

पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली. मी रजा घेतली. नवरा रांजणगावला कंपनीत जातो. त्याच्या शिफ्टप्रमाणे आम्ही कामं वाटून घेतली. कूस बदलणं, पुसून घेणं, चादरी, औषधं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळत नाही. त्या दिवसांतला थकवा हा झोपेनं जाणारा थकवा नव्हता. सकाळी उठताना तो माझ्या आधी उठलेला असायचा.

आणि आप्पा खाईनात.

मऊ भात केला. एक चमचा तोंडात गेला की, "छ्या." मुगाचं वरण, नाचणीची पेज, केळं कुस्करून दुधात, रव्याची खीर. "छ्या." मी शाळेत कच्च्या मुलांशी बोलते त्या आवाजात विचारायची, "आप्पा, मीठ कमी झालं का? गरम आहे का? नको का? दुसरं काही करू का?" ते माझ्याकडं बघत राहायचे. मग डोळे मिटून घ्यायचे. मी थोडं थांबून म्हणायची, "बरं, राहू द्या, नको असेल तर," आणि ताटली उचलायची. नवराही तसंच करायचा. "मामांना नकोय. जबरदस्ती नको करायला." आम्ही दोघं त्यांच्याशी फार हळू बोलत होतो. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. टीव्हीचाही आवाज आम्ही कमी केला होता.

आम्ही शब्दाचा अर्थ घेत होतो. छ्या म्हणजे नको. शब्दकोशात बघितलं असतं तरी असंच काहीतरी सापडलं असतं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. "गिळता येतंय. घशाचा काही प्रश्न नाही. खात नाहीत हे मनाचं आहे." मग आप्पांच्या दंडाची सैल कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. नाहीतर नाकातून नळी टाकावी लागेल. एकदा टाकली की या वयात ती निघायला अवघड जाते, हेही सांगून ठेवतो."

नळी टाकलेली माणसं मी त्या वॉर्डात बघितली होती. त्यांचे हात बांधून ठेवावे लागतात, नाहीतर ते नळी ओढून काढतात. आप्पांचा एकच हात चालत होता. तोही आम्ही बांधणार होतो.

त्या आठवड्यात दौंडहून त्यांचे यार्डातले एक दोस्त आले. दारातूनच ओरडले, "जय भीम, आप्पा!" आप्पांनी डावा हात कपाळापर्यंत नेला आणि म्हणाले, "छ्या."

"आरं, हा तर बरा झाला की!" दोस्त मला म्हणाले. "तीस वर्सं हेच बोलत हुता. दुसरं काय बोलत हुता सांग मला? गेलंय काय ह्याचं मग?"

मला ते आवडलं नाही. आजारी माणसापुढं असं बोलू नये. पण आप्पांचे डोळे चमकले. दोस्तांनी पिशवीतून केळं काढलं, सोललं, तुकडा त्यांच्या तोंडाशी धरला. "छ्या," आप्पा म्हणाले. "गीळ गप. सायेब लागून गेलास का?" दोस्त म्हणाले. आप्पांनी अर्धं केळं खाल्लं. मला वाटलं, जुना दोस्त आहे, त्याच्या हाताची गोष्ट वेगळी. त्यांना थांबवून घेता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच माझ्या मनात आलं. ते चारच्या एसटीनं गेले. संध्याकाळी मी तसंच केळं सोलून, बारीक तुकडे करून, बशीत घालून नेलं. "थोडं खाता का, आप्पा?" "छ्या." मी बशी उचलली.

गुरुवारी मी दौंडला गेले. मला वाटत होतं की त्यांना त्यांचा कप हवा असेल. निळ्या काठाचा, कान तुटलेला कप. त्याशिवाय ते चहा पीत नसत. नवऱ्याची सुट्टी होती, म्हणून मी सकाळची एसटी धरली. घराचं कुलूप काढलं. कप ओट्यावरच होता. त्या मंगळवारचा चहा त्यात वाळून तळाशी काळा झाला होता. तो मी खरवडून धुतला. बराच वेळ लागला.

भिंतीपलीकडच्या मावशी आल्या, तशाच दाराला टेकून उभ्या राहिल्या. "खात्यात का?"

"नाही."

"हितं तर खायचे. सोताच्या हातचं." त्या थोड्या हसल्या. "सोताच करायचे आन् सोताच नावं ठेवायचे. रोज सकाळी भिंतीतनं ऐकू यायचं बघ. छ्या. आन् मंग लई येळ गप. म्या मनात म्हणायची, आता कुणाला म्हणतोय बाबा, करणारा तूच न्हाई का."

मी कप ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवला. परतीच्या गाडीत मावशींचं बोलणं डोक्यात होतं, पण त्याचं मी काही केलं नाही. झोप येत होती. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा जाग आली, आणि उरलेला रस्ता मी शनिवारचा विचार करत होते.

कपानं काही झालं नाही. त्या कपातून चहा दिला. आप्पांनी कपाकडं बघितलं, घोट घेतला, आणि "छ्या" म्हणून तोंड फिरवलं.

शुक्रवारी सकाळी चादर दोनदा बदलावी लागली. दुपारी पाणी गेलं. संध्याकाळी मी बाजरीची भाकरी केली, मुगाच्या आमटीत कुस्करली, हातानं मळून मऊ केली. आई अशीच करायची. नवरा नुकताच कंपनीतून आला होता आणि दाराशी खुर्चीत बसून मोजे काढत होता. मी खाटेवर बसले आणि पहिला चमचा दिला.

"छ्या."

मी काही विचारलं नाही. दुसरा दिला.

"छ्या."

चमचा माझ्या हातात होता. कंबर दुखत होती. उद्या शनिवार होता. आणि माझ्या तोंडातून, तव्याकडं बघत बोलावं तसं, कुणाकडं न बघता निघालं, "मग उठा आन् करा!"

नवरा एक मोजा हातात धरून थांबला. आमच्या घरात तेव्हा उठा हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. आम्ही तो ठरवून टाळला नव्हता, पण टाळला होता. नवरा सकाळी मला हाक मारतानाही "जागी आहेस का" म्हणायचा. ज्याला उठता येत नाही त्याला मी म्हटलं होतं, उठा. तेही ओरडून.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते. मग चेहऱ्याची डावी बाजू हलली. उजवी जागेवरच राहिली, त्यामुळं पहिल्यांदा मला कळलंच नाही की हे काय होतंय. घशातून खुरखुर आवाज आला, खांदा हलायला लागला. आप्पा हसत होते. हसता हसता त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि ते म्हणाले, "छ्या," आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी चमचा दिला. त्यांनी खाल्लं.

"छ्या."

"मग उठा की. कुणी धरलंय?"

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत आमचं हेच चाललं होतं. मी आईचं बोलत होते आणि ते त्यांचं. नवरा मोजा घेऊन आत गेला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, "मामा, आणखी पाहिजे का?" मी आतल्या दिशेनं म्हटलं, "विचारू नकोस रे. घेऊन ये."

नळी टाकावी लागली नाही.

मी नंतर पुष्कळदा विचार केला की हे आधी कसं कळलं नाही. सगळं समोर होतं. पण आम्ही त्यांना आजारी माणूस म्हणून वागवत होतो, आणि आजारी माणसाला कुणी उलट बोलत नाही. आप्पा दिवसातून कितीतरी वेळा आपला अर्धा शब्द टाकून वाट बघत होते, आणि आम्ही प्रत्येक वेळी ताटली उचलून नेत होतो.

थकवा त्यानंतरही गेला नाही. चादरी होत्याच, कुशी होत्याच. मी अर्धी रजा संपवून शाळेत जायला लागले. घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू व्हायची. पण घरात आवाज आला. नवऱ्यानंही हे उचललं, तो मात्र जावई, त्याला "उठा" म्हणवेना, म्हणून तो म्हणायचा, "मामा, मग दुसरं हॉटेल बघा." आप्पांना तेही चाललं. मावशी एकदा भेटायला आल्या आणि आमचं बोलणं ऐकून दचकल्या. "बापाला असं बोलत्यात व्हय गं?" आप्पा त्यांना म्हणाले, "छ्या छ्या." दोनदा.

ते पुढचा उन्हाळा संपेपर्यंत होते. शेवटी शेवटी शब्दही बारीक होत गेला. नुसता श्वास सोडल्यासारखा यायचा, पण मला ओळखू यायचा, आणि मी उत्तर द्यायची.

एक दिवस सकाळी मी निळ्या काठाचा कप त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी घोट घेतला. मी थांबले. ते काही बोलले नाहीत. मी कप खाली ठेवून वाट बघितली, मग नवऱ्याला उठवलं. दुपारी ते गेले.

दौंडचं घर बंद आहे. महिन्यातून एकदा मी जाऊन झाडून येते. शाळेत यंदाही तो धडा झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, छ्या कशात येतं?" मी खडू हातात घेऊन उभी राहिले. "तू कशात लिहिलंस?" "तिरस्कारदर्शक." "असू दे," मी म्हटलं.

कप आता शिरूरलाच आहे, मांडणीवर पुढच्या रांगेत. सकाळचा चहा मी करते. कधी कधी पहिल्या घोटाला माझ्या तोंडातून छ्या निघतं. नवरा आतून विचारतो, काय झालं? मी म्हणते, काही नाही, आणि चहा पिते.